तुटलेला स्टड आणि वाचलेले हेड

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात स्कूटर हे आता केवळ सोयीचे वाहन राहिलेले नाही. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, दूधसंकलन करणारे आणि किरकोळ विक्रेते यांचा दिवस तिच्यावरच चालतो. १९७२ साली आकुर्डीच्या कारखान्यातून चेतक स्कूटर बाहेर पडली आणि पुढे खेडोपाडी पोहोचली. याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर २०२० मध्ये बाजारात आली. तिला सायलेन्सरच नाही. तथापि, रस्त्यांवर आजही पेट्रोलवर चालणाऱ्या स्कूटर मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीत वारंवार उद्भवणारी एक अडचण म्हणजे सायलेन्सर धरून ठेवणारा स्टड तुटणे ही होय.

चार फटक्यांच्या आजच्या स्कूटरमध्ये सायलेन्सरची नळी इंजिनच्या हेडला सामान्यतः दोन स्टडांनी जोडलेली असते. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेली पोलादी सळई. तिचे एक टोक हेडमध्ये घट्ट बसविलेले असते, तर दुसऱ्यावर नट येतो. हा स्टड बहुधा सहा किंवा आठ मिलिमीटर जाडीचा असतो. वस्तू एवढीशी, पण ती तुटल्यावर चुकीचा उपाय योजला गेला तर संपूर्ण हेड बदलण्याची पाळी येते आणि काही रुपयांचे काम काही हजारांवर जाते.

स्टड का तुटतो?

इंजिनमधून बाहेर पडणाऱ्या वायूंमुळे हा भाग प्रत्येक फेरीत तापतो व निवतो. त्यातच पावसाचे पाणी, चिखल आणि कोकण किनाऱ्यावर खारी हवा यांची भर पडते. हेड ॲल्युमिनियमचे आणि स्टड पोलादाचा असल्यामुळे ओलाव्याच्या सान्निध्यात दोन भिन्न धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया घडून आट्यांमध्ये पांढरट थर साचतो व ते जखडले जातात. दुसऱ्या टोकाला नट गंजाने स्टडशी एकजीव होतो. अशा नटावर लांब पाना लावून जोर केला की नट सुटण्याऐवजी स्टडच पिळला जाऊन तुटतो. सायलेन्सरच्या आधारपट्टीचा बोल्ट सैल असेल तर हादऱ्यांचा सर्व भार याच दोन स्टडांवर येतो, हेही तुटण्याचे एक कारण आहे.

एक स्टड तुटल्यावर जोडातून गरम वायू गळू लागतो, आवाज वाढतो, पॅकिंग जळते आणि दुसऱ्या स्टडवरील ताण दुप्पट होतो. धुराच्या तपासणीतही अशा गळतीमुळे खरे माप मिळत नाही. म्हणून ‘अजून चालते आहे’ एवढ्यावर समाधान मानणे हिताचे नसते.

टोक बाहेर असेल तर

तुटलेल्या स्टडचा काही भाग बाहेर राहिला असल्यास काम पुष्कळ सोपे असते. प्रथम तारेच्या ब्रशने गंज काढून आट्यांच्या मुळाशी गंज सैल करणारे तेल सोडावे आणि ते रात्रभर मुरू द्यावे. त्यानंतर उष्णतेचा उपयोग करता येतो. सारख्याच उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. तापमान शंभर अंशांनी वाढले तर सहा मिलिमीटरच्या स्टडभोवती मिलिमीटरच्या सुमारे दीडशेव्या भागाइतकी जागा मोकळी होते. हे अंतर डोळ्यांस दिसत नाही. पण जखडलेली पकड सुटण्यास ते पुरते.

मात्र ॲल्युमिनियम लोखंडाप्रमाणे लाल होऊन इशारा देत नाही. ६६० अंशांना ते एकाएकी वितळते आणि त्याच्या कितीतरी आधी त्याची ताकद घटते. म्हणून ज्योत एके जागी न धरता फिरती ठेवावी. त्यापूर्वी पेट्रोलची टाकी व नळी दूर करणे आणि सांडलेले तेल पुसून घेणे अत्यावश्यक आहे.

बाहेरच्या टोकावर दोन नट एकमेकांस आवळून आतील नटावर पाना लावता येतो. टोक आखूड असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग केले जाते. वेल्डिंगची उष्णता थेट स्टडमध्ये उतरते आणि निवताना तो आकसतो, त्यामुळे पकड ढिली होते. या वेळी बॅटरीची तार काढून ठेवावी. फिरविताना एकाच दिशेने जोर न करता थोडे मागे, थोडे पुढे असे करीत जावे.

स्टड आतच तुटला असेल तर

स्टड पृष्ठभागाशी किंवा त्याच्या आत तुटला असेल तर हेड उतरवून काम करणे श्रेयस्कर ठरते. तुटलेला भाग कानशीने सपाट करून बरोबर मध्यावर पंचाची खूण करावी. येथेच कारागिराची खरी कसोटी लागते. पोलाद कठीण व ॲल्युमिनियम मऊ असल्याने ड्रिल किंचित जरी सरकले तरी ते मऊ धातूत शिरते आणि आटे खराब होतात. लेथवर तयार केलेली पोलादी मार्गदर्शक नळी वापरल्यास हा धोका टळतो.

प्रथम बारीक छिद्र पाडून ते क्रमाने मोठे करावे. डाव्या फिरकीचे ड्रिल वापरल्यास पुष्कळदा स्टड आपोआपच सुटून बाहेर येतो. तुटका स्टड काढण्याचे निमुळते हत्यार जपून वापरावे. ते अतिकठीण असल्याने आत तुटल्यास साध्या ड्रिलने निघत नाही. सर्व उपाय थकल्यास सहा मिलिमीटरच्या नेहमीच्या आट्यांसाठी पाच, तर आठ मिलिमीटरच्या आट्यांसाठी ६.८ मिलिमीटरचे छिद्र पाडून टॅपने आटे पुन्हा मारावेत. मूळ आटे गेलेच असतील तर तारेच्या वेटोळ्याचे तयार आटे बसविता येतात व हेड वाचते.

पुन्हा जोडताना

नव्या स्टडला उष्णता सोसणारे तांबेयुक्त ग्रीस लावावे व पॅकिंग नवे घ्यावे. दोन्ही नट प्रथम हाताने बसवावेत, आधारपट्टीचे बोल्ट अडकवावेत आणि मग नट आळीपाळीने, कारखान्याच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानुसार आवळावेत. आधारपट्टी शेवटी घट्ट करावी, म्हणजे नळीवर ताण राहत नाही.

या कामाला महागड्या यंत्रांपेक्षा धीर आणि पदार्थांच्या गुणधर्मांची जाण अधिक लागते. शाळेत शिकविला जाणारा उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचा धडा येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो, हे विद्यार्थ्यांना गावातील गॅरेजमध्ये नेऊन दाखविण्याजोगे आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत अशी कामे शिकून आलेला तरुण गावातच स्थिरावला, तर त्याची उपजीविका चालते आणि एका स्टडपायी तालुक्याच्या गावी होणारी ग्रामस्थांची खेप व मजुरीचा दिवसही वाचतो.