जलपर्णीखाली

पंचगंगेत किंवा मुळा-मुठेत जलपर्णी पसरली की आपला जीव वैतागतो. पण ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, आणि तिच्या त्या माहेरी तिच्याखाली जगातला सर्वांत वजनदार साप दडून बसतो: हिरवा अ‍ॅनाकोंडा.

तो शोधायचा कसा? पायांनी! व्हेनेझुएलात ल्यानोस नावाचं अफाट गवताळ सपाट रान आहे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं. कोरड्या महिन्यांत पाणी डबक्यांपुरतं उरतं आणि साप तिथे गोळा होतात. हेसूस रिव्हास हे संशोधक १९९२ पासून सोबत्यांसह अशा चिखलात अनवाणी उतरत आले. पाय घासत सावकाश सरकायचं; मुळांच्या गुंत्यात तळपायाला काही घट्ट, मांसल लागलं की वाकून हात घालायचा.

कधी हाती लागतो तो सापांचा गोळाच. मधोमध एक मादी आणि तिला विळखे घालून बसलेले नर, कधी कधी बारा-तेरासुद्धा! हा गोळा चार-चार आठवडे टिकू शकतो. मागच्या पायांची खूण म्हणून नरांना दोन नख्या उरल्या आहेत. त्या नख्यांनी ते मादीला खाजवत राहतात. मादी नराच्या जवळपास पाचपट वजनाची. इतकी चुरस असताना नर मोठे का झाले नाहीत, हा प्रश्न मला फार भुरळ घालतो. रिव्हास यांचा तर्क असा, की फार मोठा नर बाकीच्यांना मादीच वाटेल आणि ते त्यालाच विळखे घालून बसतील. गढूळ चिखलात आकार हीच ओळख.

मिलनानंतर मादी एखाद्या नराला गिळतेही. ही पुढच्या उपासाची बेगमी असावी. कारण अजगराची मादी अंडी घालते, पण ही आपल्या घोणशीसारखी जिवंत पिल्लं देते, आणि गाभण असताना सुमारे सात महिने ती बहुधा काहीच खात नाही. एरवी हरणं, कायमन मगरी, डुकराएवढे कॅपिबारा आवळणारी ही मादी काठावर ऊन खात पडून राहते. शिकारीच्या झटापटीत जखम व्हायची भीती असते, आणि आता पोटात पिल्लं आहेत.

पाऊस ओसरता ओसरता वीस-तीस पिल्लं जन्मतात, हातभराहून लांब, पण प्रत्येक जेमतेम पाव किलोचं. मोठेपणी मादी पन्नास किलोंच्याही पुढे जाऊ शकते, पण बगळे आणि कायमन यांच्या तावडीतून तोवर वाचायचं असतं. पिल्लं लगेच पाण्यात पांगतात. आई त्यांच्यामागे जात नाही. त्यांच्याबरोबर काही न फळलेली अंडी बाहेर पडलेली असतात. कधी कधी आई तीच गिळते. कित्येक महिन्यांनंतरचा तिचा तो पहिला घास.