तिन्हीसांजेला लाल रंग कोठे जातो?

गेल्या जानेवारीतली गोष्ट. आम्ही तिघे सहकारी एका शाळेतला विज्ञान मेळावा आटोपून फलटणहून बारामतीकडे परत निघालो होतो. सूर्य मावळून अर्धा-पाऊण तास झाला असेल. चालकाने एकाएकी करकचून ब्रेक दाबला आणि गाडी थांबली तेव्हा समोर वीसेक फुटांवर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उभा होता. मागे दिवा नव्हता. बाहेर आलेल्या उसांना एक लाल फडके बांधलेले होते, तेही आम्हाला जवळ गेल्यावरच दिसले.

खाली उतरून ट्रॅक्टरवाल्याला विचारले, "अहो दादा, मागं एखादा दिवा तरी लावायचा!" तो शांतपणे म्हणाला, "लाल फडकं बांधलंय की सायेब. लांबनं दिसतंय त्ये." आमच्यातले एक जण पूर्वी शाळेत शिकवत असत. तेही पुटपुटले, "पुस्तकातही तसंच आहे. लाल रंगाचं विकिरण सर्वांत कमी, म्हणून धोक्याला लाल." ट्रॅक्टरवाला आणि पुस्तक यांचे एकमत होते. फडके मात्र आम्हाला दिसले नव्हते.

आधी पुस्तकातले वाक्य तपासू. हवेच्या रेणूंकडून होणारे प्रकाशाचे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, हे खरे आहे. ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाचे विकिरण चौपटीहून थोडे जास्त होते. आकाश निळे आणि मावळता सूर्य लाल दिसतो तो यामुळेच. पण मावळत्या सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना शेकडो किलोमीटर हवेतून येतो. रस्त्यावर आपल्याला दोनशे-तीनशे मीटरचाच प्रश्न असतो. एवढ्या अंतरात स्वच्छ हवेमुळे निळ्याचेही नुकसान नगण्य असते. तेव्हा लालला मिळणारा फायदा म्हणजे जवळजवळ शून्यच.

मग धुके? येथे तर नियमच बदलतो. धुक्याचे थेंब काही मायक्रोमीटर ते काही दशक मायक्रोमीटर व्यासाचे, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात. असे थेंब सर्व रंगांचे विकिरण जवळपास सारखेच करतात. म्हणून तर धुके पांढरे दिसते, निळे नाही. धुक्यात लाल रंगाला कोणतीही खास सवलत नाही.

याहून महत्त्वाचा गोंधळ दुसरा आहे. लाल दिवा आणि लाल फडके या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दिवा स्वतः प्रकाश देतो. फडके किंवा गाडीचा रंग तसे करू शकत नाही. त्याच्यावर जो प्रकाश पडतो त्यातला काही भाग तो गिळतो आणि उरलेला परत पाठवतो. लाल रंग म्हणजे वर्णपटातला लाल सोडून बाकी बहुतेक सारे गिळणारा रंग. साहजिकच डोळ्याला मिळणारा उजेड थोडा. डोळ्याच्या संवेदनशीलतेचा हिशोब धरला तर चांगला पांढरा रंग पडलेल्या उजेडाच्या साधारण ऐंशी टक्के परत देतो, पिवळा पन्नास-साठ टक्के, लाल दहा-पंधरा टक्के, आणि काळा पाचच्या आसपास. जुना झालेला डांबरी रस्ता? तोही दहा टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे उजळपणाच्या दृष्टीने लाल गाडी आणि डांबरी रस्ता ही जवळजवळ सख्खी भावंडे. दिवसा आपण त्यांना वेगळे ओळखतो ते रंगामुळे. रंग काढून घेतला तर दोघांत फारसा फरक उरत नाही, आणि संध्याकाळ नेमके हेच करते.

आपल्या दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. सुमारे साठ लाख शंक्वाकार पेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग दाखवतात. सुमारे बारा कोटी दंडाकार पेशी अंधुक उजेडासाठी असतात, त्यांना रंग कळत नाहीत. शंक्वाकार पेशींच्या दिवसाच्या दृष्टीला सर्वांत उजळ वाटतो तो ५५५ नॅनोमीटरचा पिवळसर हिरवा. दंडाकार पेशींचा आवडता प्रकाश मात्र ५०७ नॅनोमीटरचा, निळसर हिरवा. लाल प्रकाशाला तर त्या जवळजवळ आंधळ्याच असतात. उजेड कमी होत जातो तसा कारभार पहिल्यांकडून दुसऱ्यांकडे जातो आणि लाल रंग काळवंडत जातो. बोहेमियातील शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी हे १८२५ साली नोंदवले. पहाटेच्या अंधुक उजेडात निळा रंग आधी उजळतो आणि दिवसा झगझगीत दिसणारा लाल बराच वेळ काळाच राहतो, असे त्यांच्या लक्षात आले होते. त्यांच्यावरूनच या परिणामाला पुर्किन्ये स्थलांतर म्हणतात. बागेत तिन्हीसांजेला जास्वंदीकडे पाहा: पाने अजून दिसत असतात आणि फूल काळे पडलेले असते.

हेडलाइटच्या झोतात संपूर्ण अंधार नसतो, त्यामुळे तेथे दोन्ही प्रकारच्या पेशी थोडेथोडे काम करतात. तरीही लाल फडक्याचे मूळ दुखणे, म्हणजे परत येणारा तुटपुंजा उजेड, तसेच राहते. त्यात वर्षभराची धूळ आणि तेल.

येथे थोडा गुणाकार-भागाकार करू. वस्तू नजरेत भरते ती तिच्या स्वतःच्या उजळपणामुळे नव्हे, तर पार्श्वभूमीशी असलेल्या फरकामुळे. वस्तूच्या उजळपणातून पार्श्वभूमीचा उजळपणा वजा करावा आणि आलेल्या संख्येला पार्श्वभूमीच्या उजळपणाने भागावे, म्हणजे विरोधाचे माप मिळते. दहा टक्क्यांच्या रस्त्यावर पांढऱ्या गाडीचे उत्तर येते ७, पिवळीचे साडेचार-पाच, लालचे जेमतेम ०.२, काळीचे उणे ०.५. यात एक गंमत आहे, ती विद्यार्थ्यांना शोधायला सांगावी. काळ्या वस्तूचे उत्तर, पार्श्वभूमी कितीही उजळ असली तरी, उणे १ च्या पलीकडे जाऊ शकत नाही. उजळ वस्तूला मात्र अशी मर्यादा नाही. भर दुपारी एवढा फरकही पुरतो, कारण लख्ख उजेडात डोळ्याला काही टक्क्यांचा विरोधही कळतो. उजेड ओसरला की डोळ्याची मागणी भराभर वाढते, आणि मग ०.२ वाल्यांची पंचाईत होते.

अर्थात पार्श्वभूमी बदलली की उत्तरही बदलते. दाट धुक्यात किंवा बर्फाळ प्रदेशात पांढरी गाडीच हरवते. यावर जुना आणि सोपा उपाय म्हणजे वस्तूने आपली पार्श्वभूमी स्वतःबरोबर बाळगायची. पुलाच्या कठड्यावरचे काळे-पांढरे पट्टे हेच करतात. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी रंगवताना कोणी हा विचार केला होता की नाही कोण जाणे, पण पिवळे छत आणि काळे अंग एकमेकांना उठाव देतात, यात शंका नाही.

आता प्रश्न असा की हे सारे प्रत्यक्ष अपघातांत दिसते का? सिद्धान्त बरोबर असला तरी रस्ता ही प्रयोगशाळा नव्हे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड येथे झालेल्या एका पाहणीचा निष्कर्ष २००३ च्या डिसेंबरात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला: पांढऱ्या गाड्यांच्या तुलनेत चंदेरी गाड्यांमध्ये गंभीर दुखापतीचा धोका सुमारे निम्मा. वर्तमानपत्रांना बातमी मिळाली. पुढे २००७ साली ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या अपघात संशोधन केंद्राने फार मोठ्या संख्येने अपघातांच्या नोंदी तपासल्या. तेथे दिवसाउजेडी पांढऱ्या गाड्यांच्या तुलनेत काळ्यांना सुमारे १२ टक्के, करड्यांना ११ टक्के आणि चंदेरी गाड्यांना १० टक्के जास्त धोका आढळला. एकीकडे चंदेरी सर्वांत सुरक्षित, दुसरीकडे पांढऱ्याहून वाईट!

अशा वेळी कोणती पाहणी खोटी, असे विचारण्यापेक्षा तुलना कोणाची कोणाशी झाली हे विचारावे. गाडीचा रंग चिठ्ठी टाकून ठरत नाही, माणूस तो निवडतो. लाल गाडी घेणारा तरुण आणि पांढरी घेणारे निवृत्त गृहस्थ सारखेच गाडी चालवतील असे नाही. एखादा रंग फॅशनमध्ये येतो तेव्हा त्या रंगाच्या गाड्या बहुतेक नव्या असतात, आणि नव्या गाड्यांचे ब्रेकही बरे असतात. संशोधक गणिताने हे परिणाम वेगळे काढण्याचा प्रयत्न करतात, पण ते पूर्णपणे निघतातच असे नाही. ऑकलंडचा 'निम्मा धोका' आम्हाला तरी रंगाच्या मानाने फारच मोठा वाटतो. मोनाशचे दहा-बारा टक्के अधिक पटतात.

हा पेच बऱ्याच अंशी सुटला तो सिंगापूरमध्ये. तेथे दोन टॅक्सी कंपन्या एकत्र झाल्या. एकीच्या गाड्या पिवळ्या, दुसरीच्या निळ्या. विलीनीकरणानंतरही दोन्ही रंग राहिले. सुमारे १६,७०० टॅक्सी, त्यांत निळ्या पिवळ्यांच्या तिप्पट. देखभाल एकाच कंपनीची. संशोधकांनी सलग तीन वर्षांच्या अपघातांच्या नोंदी घेतल्या. दरमहा दर हजार टॅक्सींमागे निळ्यांचे अपघात ७१.७, तर पिवळ्यांचे ६५.६. फरक ६.१ चा, म्हणजे साडेआठ-नऊ टक्क्यांचा. पिवळ्या टॅक्सीचे चालकच सावध असतील, ही शंका त्यांनाही होती. म्हणून तीन हजारांहून अधिक चालकांच्या गाड्यांचा वेग, अंतर, थांबे यांच्या नोंदी तपासल्या. दोन्ही गटांच्या चालवण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. सगळ्यांत बोलका पुरावा पुढचाच आहे. रंगाचा फायदा व्हायचा तर तो दुसऱ्या चालकाला टॅक्सी दिसण्याच्या प्रसंगीच झाला पाहिजे. तसेच निघाले. टॅक्सी पुढे असून दुसरे वाहन मागून येऊन आदळण्याच्या प्रकारांत पिवळ्यांचा फायदा स्पष्ट होता, आणि रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात तो दिवसापेक्षा जास्त होता. हे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. रंगाविषयीच्या पाहण्यांत आमच्या मते हे सर्वांत भरवशाचे आहे, कारण रंग सोडून बाकी बरेच काही येथे खरोखर सारखे होते.

अमेरिकेत शाळेच्या बस पिवळ्या असाव्यात हे १९३९ साली कोलंबिया विद्यापीठात भरलेल्या परिषदेत ठरले होते. आपल्याकडच्या शाळांच्या बसही पिवळ्या असतात. अग्निशामक गाड्यांची कथा थोडी वेगळी आहे. अमेरिकेतील डॅलस शहरात लाल-पांढऱ्या आणि लिंबोणी पिवळ्या अशा दोन्ही रंगांच्या गाड्या होत्या. त्यांची तुलना १९९५ साली प्रसिद्ध झाली आणि लिंबोणी पिवळ्या गाड्यांचे अपघात बरेच कमी ठरले. तरीही जगभर लाल बंब टिकून आहेत. लोक लाल गाडी पाहिली की 'बंब आला' म्हणून बाजूला होतात. दिसणे आणि ओळखू येणे या दोन पायऱ्या आहेत, आणि दुसरी सवयीने तयार होते.

आता पुन्हा त्या ट्रॉलीकडे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. चालकाला धोका कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तसेच संपतात. कोरड्या रस्त्यावर ब्रेकने दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद एवढा वेग कमी होतो असे धरले, तर थांबायला आणखी २० मीटर लागतात. एकूण ४५. ताशी ८० ला हेच उत्तर सुमारे ६८ मीटर येते. खाली वळवलेल्या हेडलाइटच्या उजेडात काळपट वस्तू चाळीस-पन्नास मीटरवरून दिसली तरी नशीब समजायचे. ट्रॅक्टर रंगवण्याने ही वजाबाकी फारशी बदलणार नाही. ट्रॉलीचा मागचा भाग तर पाचटाने झाकलेलाच असतो.

येथे उपयोगी पडतो तो उलट परावर्तन करणारा पट्टा किंवा रिफ्लेक्टर. साधा पांढरा रंग पडलेला उजेड सगळीकडे उधळतो. त्यातला फार थोडा चालकाच्या डोळ्यांत येतो. पट्ट्यातले काचेचे बारीक मणी किंवा सायकलच्या रिफ्लेक्टरमधले प्लॅस्टिकचे काटकोनी कोपरे उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेला, एका अरुंद शंकूत परत पाठवतात. त्यामुळे तो पांढऱ्या रंगाच्या शेकडो पट तेजस्वी दिसतो. इंग्लंडमधील पर्सी शॉ यांनी याच तत्त्वावर रस्त्यात बसवण्याच्या 'मांजरडोळ्यां'चे पेटंट १९३४ साली घेतले. येथे लाल रंगही चालतो, कारण परत येणारा उजेडच इतका एकवटलेला असतो.

वर्गात दोन प्रयोग करता येतील. घोटीव कागदाचे लाल आणि निळे चौकोन घ्या, दिवसा लाल किंचित उजळ वाटेल असे. सूर्यास्तानंतर, दिव्यांपासून दूर, दर पाच मिनिटांनी कोणता उजळ दिसतो ते मुलांनी लिहावे. अदलाबदल कधी होते, तिची वेळ सर्वांची एकच येते का, हे पाहावे. दुसऱ्या प्रयोगासाठी अंधाऱ्या व्हरांड्याच्या टोकाला सायकलचा रिफ्लेक्टर ठेवा आणि विजेरी कानाशी धरून त्याच्यावर झोत टाका. तो पेटल्यासारखा दिसेल. मग तीच विजेरी मित्राच्या हातात द्या, त्याने दोन मीटर बाजूला उभे राहून झोत टाकावा. रिफ्लेक्टर विझेल.

ट्रकच्या चालकाचा डोळा हेडलाइटपासून मोटारीच्या चालकापेक्षा बराच उंच असतो. मग एकच पट्टा या दोघांना सारखाच तेजस्वी दिसेल का, हे मुलांना विजेरी हळूहळू कमरेपर्यंत खाली नेऊन तपासता येईल. आणि जमले तर रिफ्लेक्टरला थोडा चिखल फासून पुन्हा.