छपरावरचा अर्धा मीटर

मीरा-भाईंदरचा नकाशा समोर ठेवला की या शहराची कोंडी लगेच ध्यानात येते. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तन-पाली-चौकचा समुद्र, पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि दक्षिणेला दहिसर. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर गेलेली वस्ती या चौकटीत राहते. बाहेर पडायला पश्चिम रेल्वे, काशीमीऱ्यावरून वरसावे पुलाकडे जाणारा महामार्ग आणि घोडबंदर रस्ता, एवढ्याच मुख्य वाटा. मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली, तर मदतीला आधी धावते ते हौद्यात दोर, पंप आणि रबरी होडी टाकलेले एखादे पिकअप. त्या पिकअपला नियंत्रण कक्षाचे ऐकू आले पाहिजे आणि त्याचे कक्षाला ऐकू गेले पाहिजे. त्यासाठी गाडीत बिनतारी संच बसवतात, ज्याला सगळे वायरलेस म्हणतात. खरेदीच्या वेळी चर्चा होते ती कोणत्या कंपनीचा संच घ्यायचा आणि तो किती वॅटचा, याचीच. या लेखाचे म्हणणे असे की वायरलेसचा भरवसा संचात फार थोडा असतो. तो छपरावरच्या अँटेनात, तिच्या बैठकीत, केबलमध्ये आणि बॅटरीच्या जोडणीत असतो. पैसा आणि लक्ष तिथे आधी जायला हवे.

पहिला आक्षेप साहजिक आहे. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना वायरलेस हवाच कशाला? रोजच्या दिवसासाठी हा आक्षेप अगदी बरोबर आहे. प्रश्न वाईट दिवसाचा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई परिसरातली फोनसेवा नेमकी हवी तेव्हाच कोलमडली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन-मुरुड भागात वीज गेली आणि तिच्यामागोमाग मोबाइलही कित्येक दिवस मुका झाला. याचे कारण व्यवस्थेच्या रचनेत आहे. शेजारच्या गल्लीतल्या माणसाशी बोलतानाही मोबाइलचा आवाज टॉवर, टॉवरची वीज आणि जमिनीखालची फायबर तार यांतून फिरून येतो. यातला एक दुवा तुटला की बोलणे संपले. दुवे शाबूत असले तरी हजारो लोक एकाच वेळी फोन लावू लागल्यावर जागा उरत नाही. वायरलेसचा एक संच दुसऱ्या संचाशी थेट बोलतो आणि एकाने बोललेले त्या लहरीवरच्या सगळ्यांना एकदम कळते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद यांच्यासह हौशी रेडिओचालकांचे एक पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये होते. अंदमानचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला असताना त्यांच्या संचांवरून खुशालीचे आणि मदतीचे निरोप गेले. अलीकडे वॉकी-टॉकीसारखे दिसणारे, बटण दाबून बोलायचे, पण आत मोबाइलचे सिम असलेले संच मिळतात. रोजच्या कामाला ते सोयीचे आहेत. आणीबाणीच्या गाडीत तेवढ्यावर विसंबणे मात्र धोक्याचे, कारण टॉवर बंद पडला की तेही फोनबरोबरच बंद पडतात.

आता अँटेना काय करते ते पाहू. रेडिओ लहरीची लांबी काढायचे गणित सोपे आहे. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की मीटरमध्ये उत्तर येते. १४५ मेगाहर्ट्झची लहर साधारण दोन मीटर लांब असते आणि तिचा चौथा हिस्सा भरतो अर्धा मीटर. म्हणूनच या पट्ट्यात चालणाऱ्या गाडीवर अर्ध्या मीटरची सरळ काडी दिसते. ती काडी म्हणजे मात्र अर्धीच अँटेना. दुसरा अर्धा भाग खालचा पत्रा असतो. काडीच्या बुडापासून चहूबाजूंना निदान तितकाच, म्हणजे अर्धा-अर्धा मीटर लोखंडी पत्रा असेल, तर तो पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा काडीचा उरलेला भाग पुरा करतो आणि लहर सगळीकडे सारखी पसरते. पत्रा अपुरा असेल, तर लहर वाकडी-तिकडी जाते आणि शक्तीचा काही भाग केबलमधून संचाकडे परत फिरतो. हे परतणे एस.डब्ल्यू.आर. नावाच्या मीटरवर मोजता येते. काटा दीडवर असेल तर सुमारे चार टक्के शक्ती परत येते, दोनवर अकरा टक्के आणि तीनवर पंचवीस टक्के. आकडा तीनच्या पुढे गेला की बहुतेक संच स्वतःला वाचवण्यासाठी आपली ताकद आपणच कमी करतात. ५० वॅटचे पैसे मोजलेल्या गाडीतून मग त्याच्या निम्मेही बाहेर पडत नाहीत आणि चालकाला त्याचा पत्ता लागत नाही.

पिकअपमध्ये जागा निवडणे मोटारीपेक्षा अवघड असते. मोटारीला ऐसपैस छप्पर असते, तर पिकअपला केबिनपुरताच आखूड टप. त्यामागे उघडा हौदा, कधी पाइपांचा सांगाडा आणि त्यावर ताडपत्री. काडी बोनेटच्या कडेला लावली, तर तिच्या एका बाजूला पत्रा आणि दुसऱ्या बाजूला हवा. लहर पत्र्याच्या दिशेला जोरात आणि उलट दिशेला कमी जाते, त्यामुळे गाडी वळली की आवाज बदलतो. मागच्या बंपरवर लावली, तर केबिन आणि हौदा मिळून पुढची दिशा झाकतात. सांगाड्याच्या पाइपवर उंची मिळते, पण खाली पत्रा नसतो. तिथे पत्र्याशिवाय चालणारी, अर्ध्या लहरीची अँटेनाच घ्यावी लागते. एवढा विचार करून उरते ती केबिनच्या टपाच्या मधोमध असलेली जागा. याला पिकअपपुरती एक अट आहे. अनेकदा हौद्यात माणसे उभी असतात आणि त्यांची डोकी टपावरच्या काडीच्या अगदी जवळ येतात. माणसे हौद्यात असताना ५० वॅटवर बोलू नये, संच सर्वांत कमी वॅटवर आणावा, असा नियमच गाडीत लिहून लावला पाहिजे. उत्तनच्या तांडेलाला जागेचे महत्त्व सांगावे लागत नाही. बोटीवरचा संच आत असतो, पण १५६.८ मेगाहर्ट्झच्या १६ नंबरच्या चॅनेलवर हाक ऐकू यावी म्हणून अँटेना उंच जागीच चढवावी लागते. बंद लोखंडी केबिनमध्ये हातातली वॉकी-टॉकी घेऊन बोलणे म्हणजे पेटीत बसून हाक मारणे आहे.

दुसरा आक्षेप वॅटचा. बसवण्यात एवढी यातायात करण्यापेक्षा जास्त ताकदीचा संच घेतला तर? उत्तर दोन भागांत आहे. एक, या पट्ट्यातली लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. तिचे क्षितिज उंचीवर ठरते आणि वॅटने ते पुढे सरकत नाही. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. दोन मीटर उंचीच्या पिकअपचे क्षितिज येते सुमारे सहा किलोमीटर. कक्षाची अँटेना ३० मीटरवर असेल तर तिचे येते साडेबावीस. दोन्ही मिळून अठ्ठावीस किलोमीटर. सपाट जमिनीवर एवढ्यात सगळे मीरा-भाईंदर सहज बसते. पण जमीन सपाट नाही. साडेचारशे मीटरहून उंच जाणाऱ्या उद्यानाच्या डोंगररांगेमुळे घोडबंदर रस्त्यावर चेण्याच्या बाजूला लहरीची सावली पडणार, आणि मीरा रोडच्या उंच इमारतींमागेही तसेच होणार. ही सावली वॅटने हटत नाही. तिच्यासाठी उंच जागी रिपीटर, म्हणजे ऐकलेले पुन्हा प्रक्षेपित करणारा संच, हवा. दुसरा भाग असा की वॅट फक्त बोलायला कामी येतात. १९२८ साली डेट्रॉइटच्या पोलिसांनी गाड्यांत रेडिओ बसवले, तेव्हा गाडीला नुसते ऐकता येई. उत्तर द्यायला पोलिसाला टेलिफोन गाठावा लागे. वॅट वाढवून अँटेना तशीच ठेवलेल्या गाडीची अवस्था याच्या उलट होते. तिचे सगळ्यांना ऐकू जाते, तिला मात्र कोणाचे ऐकू येत नाही. चांगली अँटेना दोन्ही बाजूंनी काम करते. त्यातही २५ वॅटवरून ५० वर जाण्याने कक्षाला पडणारा फरक कानाला जेमतेम कळण्याइतकाच असतो.

अँटेनानंतर येते केबल. बाजारात सहज मिळणारी आर.जी. ५८ जातीची केबल १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास पाच मीटरमागे साधारण वीस टक्के शक्ती गिळते आणि ४५० च्या पट्ट्यात जवळजवळ एक तृतीयांश. म्हणून केबल हवी तेवढीच असावी. उरलेले वेटोळे सीटखाली कोंबू नये. दारात चेमटणारी केबल तर काही महिन्यांत आतून तुटते आणि वरून शाबूत दिसते. विजेची जोडणीही अशीच. ५० वॅटचा संच बोलताना दहा ते बारा अँपिअर ओढतो. वाटेतल्या बारीक तारेचा आणि सैल जोडाचा रोध मिळून ओहमचा दहावा भाग असला, तरी एक व्होल्टहून अधिक दाब तिथेच जिरतो. इंजिन बंद असताना, म्हणजे पुरात गाडी उभी करून बोलायची वेळ येते नेमके तेव्हा, संच दम तोडतो. लायटरच्या खाचेतून वीज घेणे म्हणूनच चुकीचे. जाड तार थेट बॅटरीपासून आणावी, तांबड्या तारेला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज द्यावा आणि इंजिनामागच्या पत्र्यातून तार आत घेताना भोकात रबरी बूच बसवावे. बूच नसेल तर पत्र्याची धार तारेचे आवरण कापते आणि गाडी पेट घेऊ शकते. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर सेन्सर असतो. तिथे काळी तार सेन्सरला वगळून चेसिसवरच्या ठरलेल्या जागी जोडावी लागते. पिकअपची वीज १२ व्होल्टची असते, तर मोठ्या ट्रकची आणि बंबाची बहुधा २४ ची. एकावरचा संच काढून दुसऱ्यावर तसाच जोडला तर जळतो. स्वस्त यू.एस.बी. चार्जर आणि एल.ई.डी. पट्ट्या यांच्या खरखरीत दूरचा बारीक आवाज बुडून जातो, हेही विसरू नये.

तिसरा आक्षेप गाडीच्या मालकाचा असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. टपाला पाऊण इंची भोक पाडले की पाणी गळेल, गंज चढेल, गाडी विकताना भाव पडेल. त्यापेक्षा चुंबकाची बैठक काय वाईट? थोड्या दिवसांसाठी भाड्याने घेतलेल्या पिकअपवर चुंबकच योग्य आहे. टप लोखंडी असेल तर १४५ मेगाहर्ट्झवर तो कामही चांगले करतो. कायमच्या गाडीवर मात्र हिशेब उलटतो. खाडीच्या आणि समुद्राच्या काठी खारा वारा आणि धूळ चुंबकाखाली साचते, गाडीच्या कंपाने रंग घासला जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो. नीट पाडलेल्या भोकाला काठावर गंजरोधक रंग, वर रबरी वायसर आणि खाली स्वच्छ खरवडलेल्या पत्र्याशी घट्ट जोड असतो, त्यामुळे ते गळत नाही. पुढे काडी काढून वर टोपण लावता येते. उघड्यावरच्या केबलच्या जोडालाही पाणी न शिरणारी टेप हवीच. एकदा आत शिरलेले खारे पाणी केबलच्या जाळीतून चढत जाते आणि मग सगळी केबल बदलण्यावाचून उपाय उरत नाही.

शेवटचा आक्षेप परवान्याच्या कटकटीचा. लहरी मर्यादित आहेत आणि त्या सर्वांच्या आहेत, म्हणून १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यापासून २०२३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत सरकारने त्यांवर नियंत्रण ठेवले आहे. संस्थेला स्वतःची लहर हवी असेल, तर दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडे अर्ज करावा लागतो. त्याला वेळ लागतो हे खरे. पण परवान्याविना ऑनलाइन मागवलेला संच लावणे हा त्यावरचा उपाय नव्हे. कोणाच्या तरी राखीव लहरीवर अनोळखी आवाज घुसला, तर एखाद्या रुग्णवाहिकेचा निरोप त्याखाली दबू शकतो. याच कारणाने २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन वॉकी-टॉकी विक्रीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. कायद्यात राहूनही वाटा आहेत. २७ मेगाहर्ट्झच्या नागरी पट्ट्यात पाच वॅटपर्यंत परवाना लागत नाही. फक्त तिथली पाव लहर पावणेतीन मीटरची होते, म्हणून पिकअपवर कॉइल घातलेली आखूड काडी लावावी लागते. बारा वर्षांपुढच्या कोणालाही परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळू शकतो. त्यावर धंद्याचे बोलणे चालत नाही, पण संकटकाळी हेच लोक शहराच्या उपयोगी पडतात. समुद्रावर सरकारने पाऊल टाकलेच आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी शेजारच्या पालघरमध्ये एक लाख मासेमारी बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला. पाण्यावरच्या बोटीला जी निकड पटली, ती जमिनीवरच्या मदतगाडीलाही पटायला हवी.

मीरा-भाईंदर नगरपरिषदेची महापालिका झाली २००२ साली आणि वसई-विरारसह स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आले १ ऑक्टोबर २०२० ला. शहर मोठे झाले, तशी त्याची जोखीमही मोठी झाली. पालिकेच्या विभागांना, मच्छीमार संस्थांना, गृहनिर्माण संस्थांच्या महासंघांना आणि पावसाळ्यात पिकअप पुरवणाऱ्या मालकांना म्हणून एकच विनंती आहे. दरवर्षी मे महिन्यात संच बसवलेली प्रत्येक गाडी उत्तनच्या किनाऱ्यापासून चेण्यापर्यंत आणि भाईंदरच्या खाडीकाठापासून दहिसरच्या हद्दीपर्यंत फिरवा. दर किलोमीटरला कक्षाशी बोला आणि जिथे आवाज तुटतो ती जागा नकाशावर लिहा. मीटर लावून काटा दीडच्या आत आहे ना ते पाहा, जोड उघडून गंज पाहा, इंजिन बंद ठेवून दहा मिनिटे बोलून पाहा. एका गाडीला अर्धा दिवस लागेल. पाऊस सुरू झाल्यावर हा अर्धा दिवस कोणाच्याही हाती नसतो.