आज दार उघडं असेल का?

दोस्तांनो, जत्रेतला पाळणा तुम्हाला इतका का आवडतो, याचा कधी विचार केलाय? तो गावात वर्षातून चारच दिवस येतो, म्हणून! तोच पाळणा बारा महिने शाळेसमोर उभा असता, तर दिवाळीपर्यंत तुम्ही त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

आज अशाच एका पाळण्याची गोष्ट सांगणार आहे. हा पाळणा मात्र उंच जात नाही. वेगानं फिरत नाही. त्यात बसून कुणी किंचाळत नाही. आत जायचं, खुर्चीत बसायचं आणि वीसेक मिनिटं एका कुटुंबाचं घर बघायचं, बस्स! तरीही या पाळण्यावर जीव टाकणारी माणसं जगभर आहेत. एक काळ असा होता, की उद्यानाच्या दारात पाऊल टाकताच ही मंडळी पहिला प्रश्न विचारायची, "आज ते उघडं आहे का हो?"

हे उद्यान म्हणजे अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधलं 'मॅजिक किंगडम'. त्याच्या 'टुमॉरोलँड' या भागात एक गोल इमारत आहे. तिचं नाव 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस', म्हणजे प्रगतीचं फिरतं चक्र.

खुर्च्या फिरतात, रंगमंच नाही!

तुमच्या आईबाबांना किंवा आजीआजोबांना 'तो मी नव्हेच' हे नाटक नक्की आठवत असेल. आचार्य अत्र्यांचं हे नाटक १९६२ साली रंगभूमीवर आलं. त्यात प्रभाकर पणशीकर एकापाठोपाठ एक निरनिराळी सोंगं घेऊन यायचे. प्रवेश झटपट बदलावेत म्हणून त्या नाटकात फिरता रंगमंच वापरला होता. प्रेक्षक जागच्या जागी बसलेले आणि रंगमंच गर्रकन फिरतोय, याची लोकांना केवढी नवलाई वाटली होती!

डिस्नेच्या मंडळींनी याच्या अगदी उलटं केलं. त्यांनी रंगमंच ठेवला जागच्या जागी आणि फिरवले प्रेक्षक!

कल्पना करा, मोठ्या गोल भाकरीचे सहा सारखे तुकडे केलेत. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला, म्हणजे इमारतीच्या मध्यभागी, एकेक रंगमंच आहे. हे सहाही रंगमंच पक्के, ते हलत नाहीत. त्यांच्याभोवती खुर्च्यांचं मोठं कडं आहे. त्या कड्याचे भिंती घालून सहा भाग केलेले आहेत. एकेका भागात दोनशेहून जास्त माणसं बसतात. एक प्रवेश संपला, की सगळं कडं हळूच एक घर पुढे सरकतं. पहिल्या घरात माणसं आत येतात, मधल्या चार घरांत नाटकाचे चार प्रवेश होतात आणि शेवटच्या घरात माणसं बाहेर पडतात.

आता यातली गंमत बघा. तुम्ही पहिला प्रवेश बघत असता, तेव्हा तुमच्या पुढच्या भागातले लोक दुसरा प्रवेश बघत असतात, त्यांच्या पुढचे तिसरा. म्हणजे एकाच वेळी चार ठिकाणी नाटक चालू! आणि पहिल्या प्रवेशातल्या नटांनी तोच प्रवेश दर चार-पाच मिनिटांनी पुन्हा करायचा. दिवसभर, रोज! जिवंत नट असते तर आठ दिवसांत पळून गेले असते. म्हणून इथले नट आहेत यंत्राच्या बाहुल्या.

बोलत्या बाहुल्या

या बाहुल्यांच्या तंत्राला डिस्नेनं नाव दिलं 'ऑडिओ-अ‍ॅनिमॅट्रॉनिक्स'. १९६४ साली आजच्यासारखे छोटे संगणक नव्हते. मग बाहुल्या हलायच्या कशा? संवाद ध्वनिमुद्रित केलेले असायचे चुंबकीय फितीवर. प्रेक्षकांना ऐकू न येणारे इशारेही फितीवरच नोंदवलेले असायचे. इशारा मिळाला, की एखादी झडप उघडायची. मग हवेच्या किंवा तेलाच्या दाबानं बाहुलीचा हात वर जायचा, मान वळायची, ओठ हलायचे.

हे इशारे तयार करण्यासाठी एक तंत्रज्ञ अंगावर पट्ट्यांचा आणि तारांचा सांगाडा चढवून बसायचा. तो हात हलवील तसा बाहुलीचा हात हलायचा आणि ती हालचाल नोंदली जायची. आपल्याकडे कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात सूत्रधार दोऱ्या ओढतो ना? त्याचाच हा विजेवर चालणारा भाऊ म्हणा!

एक घर, चार सण

नाटकात आहे तरी काय? जॉन नावाचे एक बाबा, त्यांची बायको सारा, एक मुलगा, एक मुलगी, आजीआजोबा आणि पायाशी लोळणारा कुत्रा. हे कुटुंब आपल्याला चार वेळा भेटतं.

पहिल्या प्रवेशात १९०० च्या आसपासचा काळ आहे. घरात गॅसचे दिवे आहेत, अन्न गार ठेवायला बर्फाची पेटी आहे आणि कपडे धुवायचं यंत्र हातानं फिरवायचं आहे. बाबा खुशीत सांगतात, की याहून जास्त सुख ते काय असणार! दोन भाऊ उडणारं यंत्र बनवताहेत असं त्यांच्या कानावर आलंय, पण ते काही जमायचं नाही, अशी त्यांची खात्री आहे. ते भाऊ म्हणजे राइट बंधू, हे तुमच्या लगेच लक्षात आलं असेल. १९०३ साली ते उडालेच!

दुसरा प्रवेश १९२० नंतरचा, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा. घरात वीज आलीय आणि सगळीकडे तारांचं जाळं झालंय. एकाच वेळी नको तितकी उपकरणं लावल्यामुळे फ्यूज उडतो आणि अंधारगुडुप! (आपल्याकडे अजूनही होतं की नाही असं?) याच प्रवेशात ऑर्व्हिल नावाचे एक पाहुणे टबमध्ये डुंबत, बर्फावरून येणारा पंख्याचा वारा खात बसलेले दिसतात. त्यांना आवाज दिला होता मेल ब्लँक यांनी. बग्ज बनी सशाचा आवाज काढायचे ना, तेच हे!

तिसरा प्रवेश १९४० नंतरचा. आता टीव्ही आलाय, फ्रिज आलाय, भांडी धुवायचं यंत्रही आलंय. आणि चौथ्या प्रवेशात नाताळ आहे. विसावं शतक संपत आलंय आणि तोंडानं हुकूम दिला की चालणारी भट्टी घरात आलीय. आजी डोळ्यांवर यंत्र चढवून व्हिडिओ गेम खेळतेय. गेममधले गुण कुणीतरी मोठ्यानं सांगतं, भट्टीला वाटतं हे तापमानच सांगताहेत आणि नाताळची मेजवानी जळून कोळसा होते!

या सगळ्या शंभर वर्षांत त्या घरातलं कुणीही म्हातारं होत नाही. वस्तू बदलतात, माणसं तीच राहतात.

जाहिरातीतून जन्म

हे सगळं सुरू झालं न्यूयॉर्कच्या जागतिक मेळाव्यात, २२ एप्रिल १९६४ रोजी. जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं आपल्या दालनासाठी वॉल्ट डिस्ने यांच्याकडून हा खेळ बनवून घेतला. फ्रिज, दिवे आणि धुलाईयंत्रं विकणारी ही कंपनी. तेव्हा खरं सांगायचं तर ही एक जाहिरातच होती. 'विजेनं घर कसं सुखी केलं बघा आणि आमच्या वस्तू घ्या,' असा सरळ हिशेब! पण वॉल्टनी त्यात एक कुटुंब घातलं, विनोद घातला आणि शर्मन बंधूंकडून उद्याच्या सुंदर दिवसाचं एक गाणं बनवून घेतलं. लोक जाहिरात विसरले आणि गाणं गुणगुणत बाहेर पडू लागले.

मेळावा १९६५ साली संपला. वॉल्ट डिस्ने १९६६ च्या डिसेंबरात गेले. पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये, हे चक्र कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये सुरू झालं. १९७३ मध्ये ते तिथून हललं आणि १५ जानेवारी १९७५ रोजी फ्लोरिडात उघडलं.

फ्लोरिडात आल्यावर गाणं मात्र बदललं. त्याचं कारण मोठं मजेदार सांगतात. 'उद्या फार छान असणार आहे' असं ऐकलं, तर लोक आज वस्तू कशाला घेतील? उद्याची वाट बघत बसतील! म्हणून आजचाच दिवस किती छान आहे, असं नवं गाणं आलं. कंपनीनं १९८५ साली हात काढून घेतला. मग १९९४ साली खेळाची डागडुजी झाली, तेव्हा जुनं गाणं परत आलं. चाहत्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही.

आणि दाराला कडी लागली

सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवर दहशतवादी हल्ले झाले. लोक विमानानं फिरायला घाबरू लागले आणि उद्यानातली गर्दी ओसरली. तेव्हा ठरलं, की हे चक्र रोज चालवायचं नाही, फक्त गर्दीच्या दिवसांत उघडायचं.

व्यवस्थापकांचं अगदीच चुकलं, असं म्हणता येणार नाही. चक्र फिरवायला वीज लागते, माणसं लागतात, बाहुल्यांची रोज देखभाल लागते. दोनशे खुर्च्यांत सातच माणसं बसली असली, तरी खर्च तेवढाच! शिवाय दर चार-पाच मिनिटांनी दोनशे माणसं पोटात घेणारं हे यंत्र बांधलंय गर्दीसाठीच. गर्दी असली की ते हवं, नसली की ओझं.

पण चाहत्यांना हे पटेना. लांबून विमानानं यायचं आणि दाराला कडी दिसली की हिरमुसून परत जायचं, असं किती जणांचं झालं असेल! ज्यांना दार उघडं मिळायचं, त्यांना मात्र लॉटरी लागल्यासारखं वाटायचं. आत गारवा असायचा, अंधार असायचा, आजूबाजूला रिकाम्या खुर्च्या असायच्या. आणि गाणं सुरू झालं की त्यांना सगळे शब्द पाठ! कधी यंत्रणा अडायची, कडं पुढे सरकायचंच नाही आणि बाबा तोच प्रवेश पुन्हा सुरू करायचे. दुसरं कुणी असतं तर वैतागलं असतं. चाहते मात्र हा प्रसंग घरी जाऊन कौतुकानं सांगायचे.

पुढच्या वर्षांत हळूहळू दार पुन्हा जास्त वेळा उघडू लागलं. पण 'उद्या बंद झालं तर?' ही धाकधूक चाहत्यांच्या मनातून गेली नाही.

एवढा जीव कशासाठी?

विरोधक म्हणतात, हा खेळ शिळा झाला. १९९४ साली बसवलेल्या 'भविष्यातल्या' घरात लेझर डिस्क आणि मोटारीतला फोन यांचं कौतुक होतं. आज लेझर डिस्क कुठे पाहिलीय तुम्ही? भविष्य दाखवायचं म्हणून बनवलेला शेवटचा प्रवेशच जुना झाला!

बोलणं खरं आहे. पण जरा थांबा. पहिल्या प्रवेशात बाबा काय म्हणाले होते? याहून जास्त सुख कुठलं, आणि उडणारं यंत्र काही जमायचं नाही! आपण त्यांना हसलो. मग शेवटचा प्रवेश बनवणाऱ्यांचंही तसंच झालं, तर त्यात नवल काय? आपलाच काळ सगळ्यात पुढचा, असं प्रत्येक काळातल्या माणसाला वाटतं. हा जुना खेळ हीच गोष्ट सांगतो, आणि जितका जुना होतो तितकी जास्त चांगली सांगतो.

दुसरंही एक कारण आहे. जी आजी १९६४ मध्ये लहानपणी आपल्या वडिलांचं बोट धरून न्यूयॉर्कच्या मेळाव्यात गेली असेल, ती आज नातवंडांना घेऊन फ्लोरिडात त्याच बाबांसमोर बसू शकली. तिचे वडील नसतील आता, पण ते गाणं तेच. अशा खेळाचं तिकीट किती खपतं, एवढ्यावरच त्याची किंमत ठरवायची का? तुम्हाला काय वाटतं? आणि खर्च भागत नसेल तर तो कुणी सोसायचा? दोन्ही बाजूंनी विचार करून बघा. घरात वाद घालायला छान विषय आहे!

आता तुमचं काम

असं फिरतं चक्र तुमच्या घरातही आहे बरं का! आज संध्याकाळी आजीजवळ बसा आणि विचारा, "आजी, तू लहान असताना वीज होती का घरात? चूल होती की स्टोव्ह? वाटण पाट्यावर व्हायचं ना? मिक्सर कधी आला? टीव्ही पहिल्यांदा कुणाकडे बघितलास?" आपल्या देशात रंगीत टीव्ही आला १९८२ साली. त्याआधीचा काळा-पांढरा टीव्ही आणि शेजारच्या घरात जमलेली गर्दी आजीला नक्की आठवत असेल.

मग कागदाचे चार भाग करा आणि आपल्याच स्वयंपाकघराची चार चित्रं काढा: पणजीचं, आजीचं, आईचं आणि तुम्ही मोठे व्हाल तेव्हाचं. चौथं चित्र चुकणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. चुकू दे! ते जपून ठेवा आणि तीस वर्षांनी आपल्या मुलांना दाखवा.

आणि हो, आजीला विचारायचं काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. हे दार आज उघडं आहे.