कृषी सहायकाचं काम मोजायचं कुणी?



अंगणवाडी सेविका कोण, आशाताई कोण, हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण गावचा कृषी सहायक कोण, असं गटाच्या बैठकीत विचारलं की उत्तर येतं, "ते आमच्या मालकांना ठाऊक." निंदणी, खुरपणी, वेचणी आपण करायची आणि सल्ला मात्र सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला! म्हणून आज या कामाविषयी बोलू.

कृषी सहायक (2025 पासून अधिकृत पदनाम 'सहायक कृषी अधिकारी') हा राज्याच्या कृषी विभागाचा गावपातळीवरचा कर्मचारी. शेतीशाळा घेणं, प्रात्यक्षिक करून दाखवणं, कीड-रोगावर सल्ला देणं हे त्याचं मूळ काम. शिवाय योजनांचे अर्ज, नुकसानीचे पंचनामे आणि वरून मागितलेले अहवालही त्याच्याच गळ्यात. माणूस एक, गावं अनेक. मग शिवारात फिरणं मागे पडतं.

1993 साली 73वी घटनादुरुस्ती लागू झाली. पंचायतींकडे सोपवायच्या 29 विषयांच्या यादीत पहिलाच विषय आहे शेती आणि कृषी विस्तार. पण महाराष्ट्रात कृषी सहायक आजही उप, मंडळ आणि तालुका कृषी अधिकारी यांनाच उत्तर देतो. किती प्रात्यक्षिकं झाली, हा आकडा वर जातो. ती कुणाच्या रानात झाली, तिथे बाया होत्या का, हे गावालाच माहीत असतं.

आणि गावाला ते सांगता येतं. आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यानुसार गावात काम करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाचं वार्षिक मूल्यमापन ग्रामसभा करू शकते. काही गैर आढळलं, तर गटविकास अधिकाऱ्यांना कळवू शकते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. आपला मुद्दा तिथे मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

काम मोजायचं कसं? एक साधं उदाहरण घ्या. घरचं सोयाबीन पेरण्याआधी त्याचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. 70 किंवा त्याहून जास्त उगवले, तर बियाणं पेरणीयोग्य. बियाणं निवडून, जपून ठेवणाऱ्या आपणच. मग विचारा: ही चाचणी पेरणीआधी गावात दाखवली का? आपल्याला सवड असेल अशा वेळी दाखवली का? किती घरांनी ती करून पाहिली?

हे मूल्यमापन म्हणजे नुसती तक्रार नव्हे. चांगलं काम झालं असेल, तर तेही ठरावात लिहा. गावं जास्त असतील, पद रिकामं असेल, तर ग्रामसभेचा ठराव करून कृषी विभागाकडे मागणी करा.

येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एवढं एक काम करा: कृषी सहायकाचं नाव, फोन नंबर आणि गावात येण्याचा वार गटाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या महिला सभेला ती वही सोबत न्या.