अंतर पेलेल तेच निवडावे

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून गोव्याचा महामार्ग निघतो. व्यापारानिमित्त त्या वाटेने जाणाऱ्या कुटुंबांना मिरामारचा किनारा परिचित आहे. तेथेच २० ऑक्टोबर २०१९ रोजी भारतातील पहिली ‘आयर्नमॅन ७०.३’ स्पर्धा झाली. तेव्हापासून दुकान सांभाळून ट्रायथलॉन करण्याची हौस अनेकांच्या मनात रुजली आहे. हौस उत्तमच, परंतु भांडवल पाहून सौदा करावा, हा व्यापारातील नियम येथेही लागू पडतो.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे, हे तिन्ही एकापाठोपाठ एक. मध्ये कपडे व बूट बदलण्याचा वेळही एकूण वेळेत धरला जातो.

तिचे चार प्रकार रूढ आहेत. ‘स्प्रिंट’मध्ये ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असते, नवख्यास साधारण दीड ते दोन तास लागतात. ‘ऑलिम्पिक’ अंतर याच्या दुप्पट असून त्यास तीन ते चार तास पुरतात. गोव्यातील अर्ध-आयर्नमॅन १.९, ९० आणि २१.१ किलोमीटरची असते. साडेआठ तासांची मर्यादा असते. पूर्ण आयर्नमॅन ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटरची, तिची मर्यादा सामान्यतः सतरा तासांची. अभिनेते मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झुरिच येथे, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ती १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली.

सकाळी सातला सुरुवात केल्यास अशा वेळेचा स्पर्धक रात्री दहानंतर पोहोचतो. चउविहार पाळणाऱ्यांनी हा हिशेब आधीच मांडावा. ‘स्प्रिंट’ मात्र दुकान उघडण्यापूर्वी आटोपते. पहिल्या प्रयत्नासाठी तीच योग्य.

चाळिशी ओलांडलेल्यांनी प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. खरी कसोटी पाण्यात लागते. तरणतलावातला सराव असला तरी उघड्या पाण्यात तळ दिसत नाही, भिंतही नसते. म्हणून जाणत्या सोबत्याशिवाय तेथे उतरू नये. स्पर्धेत धाप लागल्यास मदतीच्या नावेला धरून विसावा घेता येतो. पुढे सरकले नाही तर बहुतेक स्पर्धांत तो दोष ठरत नाही. हे ठाऊक असले की निम्मी भीती ओसरते.

सायकलसाठी पहाटेचा जुना मुंबई–पुणे रस्ता सोयीचा. द्रुतगती मार्गावर सायकलला मनाई आहे. आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरताच दहा-पंधरा मिनिटे धावावे. त्या वेळी पाय शिशासारखे जड होतात. त्याची सवय सरावानेच होते. स्पर्धेत सायकलला हात लावण्यापूर्वी शिरस्त्राणाचा पट्टा लावावा, अन्यथा दंड होतो.

आहारात नवे प्रयोग स्पर्धेच्या दिवशी करू नयेत. बाजारातील काही चघळण्याच्या गोळ्यांत जिलेटिन, तर काही जेलमध्ये मध असतो. वेष्टन वाचूनच घ्यावे. खजूर, केळे, राजगिऱ्याची चिक्की आणि मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी पुरेसे होते. नवकारसी पाळणाऱ्यांनी रिकाम्या पोटी किती झेपते, हे सरावातच पडताळावे. पर्युषणात उपवास असतील त्या दिवशी कठोर व्यायाम टाळावा.

पहिल्या स्पर्धेत क्रमांकाचा विचार नको. सुखरूप पोहोचून दुसऱ्या दिवशी वेळेवर गादीवर बसता आले, तर सौदा फायद्याचा ठरला असे समजावे.