छपरें धुण्याचा धंदा : भांडवल आणि जबाबदारी

घर म्हटलें म्हणजे आपलें लक्ष देवघराकडे, माजघराकडे, फार तर अंगणाकडे जातें; छपराकडे मात्र तें गळूं लागल्यावांचून कोणी पाहत नाहीं. अमरकोशांत छपरास 'पटल' व 'छदि' असे शब्द आहेत, आणि छपराच्या कडेस 'वलीक' व 'नीध्र' असे निराळे शब्द दिलेले आहेत. शाळेंत मुलांकडून हे शब्द पाठ करून घेतांना, नुसत्या कडेसाठीं दोन-दोन शब्द कशास हवेत, असें मला वाटे. त्या कडेचें महत्त्व छपरावर चढणाराच जाणतो, हें मला उतारवयांत कळलें. तें कसें कळलें, हें सांगण्यासाठींच हा लेख आहे.

नवी मुंबईचीं छपरें एका जातीचीं नाहींत. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजीं झाली आणि खाडीपलीकडे हें शहर उभें राहूं लागलें. वाशी, नेरूळ, ऐरोली येथील इमारतींस सपाट गच्च्या आहेत. त्यांवर पावसाळ्यापुरते म्हणून घातलेले आणि पुढें कायमचे होऊन बसलेले पत्रे आहेत. बैठ्या घरांवर सिमेंटचे पत्रे दिसतात. आगरी-कोळ्यांच्या जुन्या गांवठाणांतून मंगलोरी कौलें अद्याप आढळतात. तीं करण्याचा कारखाना बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळूर येथें काढला होता. बेलापुरास चार्लस कोरिया यांनीं १९८३ ते १९८६ या काळांत उतरत्या छपरांचीं घरें रचलीं; त्यांतील कित्येक आतां पाडून नव्यानें बांधलेलीं असलीं, तरी जीं उरलीं आहेत त्यांचें छप्पर पाहण्यासारखें आहे.

या सर्वांवर पडणारा पाऊस मात्र एकच. मुंबईस मोसमी पाऊस पोहोंचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानलेली आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, कीं एक लिटर पाणी होतें. म्हणजे १०० चौरस मीटरच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडल्यास १०,००० लिटर, वजनानें दहा टन पाणी जमा होतें. तें वाहून जाण्याच्या तोंडाशीं मूठभर पालापाचोळा अडकला, कीं तें तेथेंच तुंबतें आणि भेगा शोधीत खालीं उतरतें. पक्ष्यांच्या विष्ठेंतून पडलेलें पिंपळाचें बीं कठड्याच्या सांदींत रुजतें, व त्याचीं मुळें ती सांद रुंदावीत जातात. शेवाळें ओल धरून ठेवतें. तेव्हां वैशाखांत छप्पर साफ करणें ही हौस नव्हे, घराची निकड आहे. कोंकणांत आपले वाडवडील दरसाल कौलें परतून छप्पर शाकारून घेत, तें याच कारणानें.

हें काम धंदा म्हणून करावें, असें आमच्या घरच्या एका तरुणाच्या मनांत आलें. माझा पुतण्या बी. कॉम. होऊन एका कचेरींत नोकरीस होता. एके दिवशीं जेवतांना त्यानें हा बेत सांगितला, तेव्हां त्याची आई, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, "शिकून सवरून लोकांचीं छपरें झाडणार काय?" मीहि त्यांचीच री ओढली. तो शांतपणें म्हणाला, "काका, छप्पर झाडण्यांत लाज कसली? दरवर्षीं आपण कोणाला तरी चढवतोंच ना?"

त्याला तें ठाऊक नव्हतें, पण त्याच्या शब्दांनीं माझें एक जुनें दुखणें उघडें पडलें. बारा वर्षांपूर्वीं आमच्या गच्चीवरील पत्रे झाडण्यासाठीं मीं नाक्यावरून एक मुलगा आणला होता. गादी बांधण्याचा सुंभाचा दोर मीं त्याच्या हातीं दिला. "मास्तर, खालीं धरायला कोणी आहे का?" असें त्यानें विचारलें. मी वर्तमानपत्र वाचीत होतों. "आटोप लवकर," एवढेंच मी बोललों. जुना पत्रा त्याच्या भारानें फुटला, तो खालीं फरशीवर आदळला आणि त्याचा उजवा हात कोपरांत मोडला. दवाखान्याचा खर्च आम्हीं केला, वर महिन्याची मजुरीहि दिली, आणि आपण मोठें औदार्य केलें अशा समजुतींत राहिलों. कांहीं महिन्यांनीं तो दाराशीं आला, तेव्हां त्याचा हात सरळ होत नव्हता. घमेलें उचलणें त्याला जमत नव्हतें. त्यानंतर तो आला नाहीं. पुढें नाक्यावर त्याचा शोध करावा म्हटलें, तर नांव सांगतां येईना. तें मीं कधीं विचारलेंच नव्हतें. पस्तीस वर्षें हजेरीपटावरून मुलांचीं नांवें वाचणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे!

ही हकीकत मीं त्या रात्रीं प्रथमच घरांत सांगितली, आणि पुतण्यास म्हटलें, "धंदा कर, पण पहिली खरेदी मी करणार."

ती खरेदी म्हणजे सर्वांगास बसणारे सुरक्षापट्टे, ज्यांस या धंद्यांत हार्नेस म्हणतात. ते घेतांना भारतीय मानक आय. एस. ३५२१ ची खूण पाहावी. नुसता कमरपट्टा घेऊं नये. पडतांना बसणारा सारा हिसका त्यांत कमरेवर व पाठीच्या कण्यावर येतो. दोर इमारतीच्या भक्कम खांबास किंवा तुळईस बांधावा. पाण्याचा नळ, कठड्याची जाळी किंवा टाकी यांस कदापि बांधूं नये. त्याची लांबी इतकीच ठेवावी, कीं पाय घसरला तरी माणूस कडेच्या आंत राहील. शिडी चार हात उंच लावावयाची, तर तिचा पाय भिंतीपासून एक हात दूर असावा, आणि तिचें टोंक छपराच्या कडेवर निदान एक मीटर यावें. सिमेंटच्या पत्र्यावर कधींहि थेट पाय देऊं नये. खालील आडव्या आधारांवर भार पडेल अशा रीतीनें फळ्या टाकून त्यांवरूनच चालावें.

यानंतर साफसफाईचीं साधनें. मऊ केरसुणी, काथ्याचा ब्रश, लांकडी खरवडणी, बादली व पाण्याची नळी एवढ्यावर पुष्कळ काम होतें. जोराच्या फवाऱ्याचें यंत्र सर्वांत शेवटीं घ्यावें व जपून वापरावें. कौलावर तो फवारा खालून वर मारल्यास पाणी कौलांखालीं शिरतें, आणि वळचणीचें पाणी आढ्याला ही म्हण अक्षरशः खरी होते. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतें. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास कर्करोग होऊं शकतो. म्हणून अशा पत्र्यावर फवारा मारूं नये आणि तो कोरडा घासूंहि नये.

शेवाळ्यावर ब्लीचिंग पावडरचें पातळ द्रावण चालतें. परंतु त्यांत ॲसिड मिसळल्यास क्लोरीन हा विषारी वायू सुटतो, हें प्रत्येक मदतनीसास पहिल्या दिवशींच सांगावें. नुसतें ॲसिडहि गच्चीवर ओतूं नये. तें सिमेंटमधील चुना खातें. गच्चीवरील तुळस आधीं झांकावी, आणि धुण्याचें पाणी पावसाच्या पाण्याच्या टाकींत जाऊं देऊं नये.

आतां व्यवहाराविषयीं. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू असून ती विनामूल्य होते. सेवेच्या धंद्यांत वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेतों साधारणतः जी. एस. टी.ची नोंदणी लागत नाहीं. काम घेण्यापूर्वीं छप्पर स्वतः पाहावें, त्याचें माप, उतार व उंची टिपावी, आणि काय करणार व काय करणार नाहीं हें लेखी द्यावें. एकट्यास कधीं वर पाठवूं नये. ऊन चढण्यापूर्वीं काम उरकावें, आणि पाऊस भुरभुरूं लागतांच खालीं उतरावें. मिळकत मुख्यतः चैत्र ते ज्येष्ठ या तीन महिन्यांची, परंतु घरखर्च बारा महिन्यांचा, हें दर ठरवितांना विसरूं नये. दिवाळीनंतर सौर पट्ट्या धुण्याचें काम मिळतें. फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारची सूर्यघर योजना निघाल्यापासून घरगुती छपरांवर या पट्ट्यांस उत्तेजन मिळालें आहे. त्या सकाळीं थंड असतांना साध्या पाण्यानें व मऊ ब्रशानें धुवाव्या.

मदतनीसांचा अपघाती विमा हा खर्चाचा भाग समजावा. त्यास धर्मादाय समजूं नये. कामावर झालेल्या दुखापतीची भरपाई मालकानें द्यावी, हें तत्त्व आपल्या देशांत १९२३ च्या कायद्यानेंच मान्य झालेलें आहे. दुसरा कोणी स्वस्तांत काम करतो असें गिऱ्हाईक म्हणेल. तो स्वस्तपणा कोठून येतो, हें मात्र विचारावें. बहुधा तो दोर न घेतल्यानें व विमा न उतरविल्यानें आलेला असतो. म्हणजे आपले चार पैसे वांचतात ते दुसऱ्याच्या हाडांच्या भरंवशावर.

सुविद्य वाचकांस व विशेषतः घर चालविणाऱ्या भगिनींस माझी विनंति एवढीच, कीं पावसाळ्यापूर्वीं छपरावर कोणास चढविण्याआधीं चार गोष्टी विचाराव्या : दोर कोठें बांधणार? खालीं कोण उभें राहणार? विमा आहे काय? आणि, तुझें नांव काय?

पुतण्याच्या धंद्याचा हा दुसरा हंगाम आहे. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर दर दिवशीं कामावर निघणाऱ्यांचीं नांवें व त्यांच्या घरचे फोन लिहिलेले असतात. तें पान लिहिण्याचें काम मीं मागून घेतलें आहे. सकाळीं साडेसहाला मुलें आमच्या ओटीवर जमतात, वहिनी सर्वांस चहा देतात, आणि मी एकेकाचें नांव वाचतों. संध्याकाळीं तीं परत आलीं, कीं तींच नांवें पुन्हां एकदां वाचून मी वही मिटतों.